विवाहसंस्था, लेखांक ५ : साक्ष कुणाची?

मागच्या आठवड्यात हुंड्याचा विषय झाला. आज वेगळा प्रश्न घेऊ. लग्न चारचौघांसमोरच का लागतं?

जुन्नरकरांनी यासाठी नाणेघाटातलं लेणं आठवावं. आत मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीनं होत्या. आता उरलीत ती पावलं, आणि वर ब्राह्मीत कोरलेली नावं. सिमुक, राणी नागनिका, राजा सातकर्णी, काही राजकुमार. त्याच ओळीत महारठी त्रणकयिर. अभ्यासक त्याला नागनिकेचे वडील मानतात. राजघराण्याच्या ओळीत राणीच्या माहेरचा माणूस! दोन हजार वर्षांपूर्वी या सोयरिकीनं दोन घराणी जोडली, आणि घाटातून जाणाऱ्या-येणाऱ्यानं ती पाहावी अशी सोय करून ठेवली.

आपल्या गावात हेच काम मांडव आणि पंगत करतात. ज्यांनी अक्षता टाकल्या ते सगळे साक्षीदार. पुढं नवराबायकोत बिनसलं, तर समजूत घालायला हीच माणसं बसतात. लग्नाचं खरं मोल मला इथं दिसतं. डीजे आणि ड्रोनमध्ये नाही.

पण माणसं जातात, पांगतात, प्रसंगी शब्दही फिरवतात. याचा फटका बाईला बसतो, आणि जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर या अनुसूचित जमातींतल्या बायांना जास्त. १९५५चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६चा हिंदू वारसा कायदा, हे दोन्ही अनुसूचित जमातींना केंद्रानं तशी अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाहीत. तिथं लग्न रूढीनं, वारसाही रूढीनं. रूढीला मी कमी लेखत नाही. तिनं कित्येक संसार सांभाळलेत. मात्र नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला बाई तलाठ्याकडं जाते, किंवा निराधार अनुदानासाठी तहसीलला अर्ज करते, आणि दीर म्हणतो, ‘हिचं लग्न झालंच नव्हतं’, तेव्हा तिनं दाखवायचं काय? हळदीचे फोटो?

यासाठी महाराष्ट्रात १९९८चा विवाह नोंदणी कायदा आहे. त्यात जातीधर्माचा भेद नाही. गावात निबंधकाचं काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडं असतं. लग्नानंतर ९० दिवसांत ‘नमुना ड’ भरायचा, वर-वधू आणि तीन साक्षीदारांनी सह्या करायच्या, वयाचे आणि राहण्याचे पुरावे जोडायचे. मुदत टळली तरी जादा शुल्क भरून नोंद होते. वयाचा पुरावा मागितला जातो, त्यामुळं अठराच्या आतल्या मुलीचं लग्न दडवणंही अवघड होतं.

लग्नसराईत मांडवावर लाखांनी खर्च करणारे आईबाप या एका कागदाकडं दुर्लक्ष करतात, याचं मला फार वाईट वाटतं. यंदा घरात कार्य असेल, तर पाहुणे परतण्याआधीच तीन साक्षीदार ठरवा आणि नोंदीचा दाखला हाती आला की त्याची एक प्रत मुलीजवळ, तिच्या स्वतःच्या ताब्यात द्या.