टाकीतले बुडबुडे

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालते. परवा दहावीची एक मुलगी डोळे मिटून घोकत होती, "धनाग्रावर ऑक्सिडीकरण, ऋणाग्रावर क्षपण." तिला न्यायला आलेले वडील दारात उभे होते. गेली वीस वर्षे ते मुलामा चढवण्याच्या कारखान्यात आहेत. मी त्यांना सहज विचारले, "टाकीत माल कुठल्या तारेला लावता?"

"निगेटिव्हला. निकेलच्या प्लेटा पॉझिटिव्हला," ते चटकन म्हणाले.

मुलगी पाहतच राहिली. ती जे पाठ करीत होती, तेच तिचे वडील रोज हाताने करीत होते. पण घरात या विषयावर दोघांचे बोलणे कधी झालेच नव्हते. म्हणून हा लेख. मी विज्ञानाचा पदवीधर नाही, कॉमर्सचा आहे. पण विद्युत अपघटन हा मुळात जमाखर्चच आहे.

मोरचूद पाण्यात विरघळले की दोन प्रकारचे कण मोकळे होतात. त्यांना आयन म्हणतात. तांब्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन कमी असतात, म्हणून तो धन. सल्फेटच्या आयनाजवळ दोन जास्त, म्हणून तो ऋण. बॅटरीला जोडलेल्या तांब्याच्या दोन पट्ट्या त्यात सोडल्या की धन आयन ऋणाग्राकडे सरकतात. तेथे त्यांना दोन इलेक्ट्रॉन मिळतात आणि ते धातू होऊन चिकटतात. हे क्षपण. त्याच वेळी धनाग्राच्या पट्टीतला अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात उतरतो. हे ऑक्सिडीकरण. एकीकडे जमा, दुसरीकडे नावे, आणि दोन्ही बेरजा जुळतात. म्हणूनच पाण्याचा निळा रंग फिका होत नाही.

हा हिशेब १८३३-३४ च्या सुमारास मायकेल फॅरडे यांनी मांडला. जितकी वीज वाहील, त्या प्रमाणातच धातू बसेल. एक अँपिअर वीज तासभर वाहिली तर तांबे साधारण १.२ ग्रॅम बसते, चांदी मात्र ४ ग्रॅम. कारण चांदीच्या आयनाला एकच इलेक्ट्रॉन पुरतो आणि तिचा अणूही जड असतो. फॅरडे हे लोहाराचे पुत्र. शाळा जेमतेम झाली. चौदाव्या वर्षी ते पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकले. १८१३ मध्ये ते शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांचे मदतनीस झाले. तरी युरोपच्या प्रवासात डेव्हींच्या पत्नीने त्यांना नोकरासारखेच वागवले. आपल्या मुलांकडून फॅरडेंचा नियम पाठ करवून घेतात, ही हकीकत कोणी सांगत नाही.

वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि पाहा. तेव्हा हेही करून पाहावे. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घाला. दोन शिसपेन्सिली दोन्ही टोकांना तासा, एकेक टोक पाण्यात सोडा आणि वरची टोके तारेने नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. सोड्याऐवजी मीठ घालू नका, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. घरातल्या प्लगची वीज तर कधीच लावू नका. खिडकी उघडी ठेवा, जवळ मोठे माणूस असू द्या. ऋणाग्रावर बुडबुडे जास्त येतील, तो हायड्रोजन. धनाग्रावर कमी, तो ऑक्सिजन. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे अणू दोन आणि ऑक्सिजनचा एक, हे असे डोळ्यांना दिसते.

आता याच बुडबुड्यांविषयी जरा गंभीरपणे. क्रोमच्या टाकीत प्लेटा क्रोमच्या नसतात, शिशाच्या असतात. धातू येतो तो टाकीतल्या क्रोमिक ॲसिडातून. तेथे बरीचशी वीज क्रोम बसवण्यात जातच नाही, वायू काढण्यात जाते. बुडबुडे फुटतात आणि ॲसिडाचे बारीक तुषार हवेत उडतात. ते कामगाराच्या नाकात बसतात. नाक चुरचुरते, रक्त येते, पुढे मधल्या पडद्याला भोकही पडते. पुष्कळदा ते दुखत नाही, म्हणून कळत नाही. हातावरच्या खरचटीत ॲसिड शिरले की खोल जखम होते. वर्षानुवर्षे श्वासातून गेले तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. काही ठिकाणी कामगारांना गूळ नाहीतर दूध देतात. त्याने नाकातले ॲसिड जात नाही! टाकीच्या कडेला हवा ओढणारी यंत्रणा हवी, पाण्यावर तरंगणारे प्लास्टिकचे गोळे हवेत, रबरी हातमोजे हवेत, जेवणापूर्वी हात-तोंड धुवायची सोय हवी. हे मागणे म्हणजे मालकाकडे मेहेरबानी मागणे नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने सरकारला कळवायच्या आजारांची जी यादी केली, तिच्यात क्रोमच्या जखमेचे नाव होते.

मी त्या वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "रक्त येतं कधीकधी. उष्णतेनं असेल म्हणून सोडून दिलं." सोमवारी ते ईएसआयच्या दवाखान्यात जाणार आहेत. क्रोमच्या टाकीवर काम करतो, हे डॉक्टरांना आधी सांगा, असे मी त्यांना बजावले आहे.

मुलीने तोवर वहीत टाकीचे चित्र काढले होते. एका बाजूला प्लेट, दुसऱ्या बाजूला माल. वडिलांनी पेन्सिल घेतली आणि माल मधोमध आणून दोन्हीकडे प्लेटा काढल्या. "एकाच बाजूला प्लेट ठेवलीस तर मागच्या अंगाला मुलामा नीट बसत नाही बाळ," ते म्हणाले.