पाण्याच्या निर्णयात बाईचे नाव

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. शहरातील बाजारपेठा आणि वस्त्या पाण्याखाली होत्या. त्याच काळात जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी गावांत पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरत होते. महापूर आणि टंचाई एकाच जिल्ह्यात एकाच वेळी नांदत होती.

या पूर्व भागातच कवठे महांकाळ तालुका येतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने दुष्काळ येथे नवा नाही. १९७२ च्या आठवणी जुन्या पिढीच्या मनातून अद्याप पुसलेल्या नाहीत. नवी आहे ती अनिश्चितता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे त्यात दिसून आले. पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि हवा असतो तेव्हा दडी मारतो. द्राक्षबागेवर अवकाळी पावसाचे सावट येते, तर ज्वारी ओलीअभावी करपते.

या अनिश्चिततेचा पहिला फटका घरातील बाईला बसतो. पाणी दूर गेले की तिची पायपीट वाढते. चारा संपला की जनावरांची चिंता तिच्या वाट्याला येते आणि पुरुष कामासाठी बाहेर पडला की शेतही तिच्यावरच पडते. साहजिकच कोणती विहीर कधी आटते, कोणते वाण कमी पाण्यावर तग धरते, याची सर्वाधिक माहिती तिच्याकडे असते. परंतु निर्णयाच्या बैठकीत ती क्वचितच असते. हवामान बदलाच्या प्रश्नावर स्त्रियांच्या नेतृत्वाला बळ द्यायचे, तर आधी ही विसंगती समजून घ्यावी लागेल.

अनुभवाचे रूपांतर हक्कात कसे करता येते, याचा एक धडा उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून मिळतो. कॅनडातील इन्युइट या आदिवासी समाजाच्या नेत्या शीला वॉट-क्लूटिए यांनी २००५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे अर्ज दाखल केला. बर्फ वितळल्याने आपल्या समाजाची शिकार, प्रवास आणि संस्कृतीच धोक्यात आली असून हा मानवी हक्कांचा भंग आहे, असा त्यांचा दावा होता. आयोगाने तो अर्ज पुढे नेला नाही. मात्र वितळणारा बर्फ हा केवळ शास्त्रज्ञांचा विषय न राहता माणसांच्या हक्कांचा विषय झाला.

सांगली जिल्ह्याला ही भाषा अपरिचित नाही. मुंबईतील १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार आणि दुष्काळग्रस्त शेतकरी यांच्यातून खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. बळीराजा स्मृती धरण आणि समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह ही तिची देणगी. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणसांच्या गरजेनुसार मिळावे आणि भूमिहीनांनाही त्यात वाटा असावा, हे त्यामागील सूत्र होते. इंदुताई पाटणकर आणि गेल ऑम्व्हेट यांनी याच परिसरात परित्यक्ता स्त्रियांना संघटित केले. नवऱ्याने टाकलेल्या बाईला स्वतःचे रेशनकार्ड, घर, जमीन आणि पाणी का मिळू नये, हा त्यांचा प्रश्न होता.

तो प्रश्न आजही सुटलेला नाही. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी कवठे महांकाळच्या माळरानापर्यंत पोचले. पाणी आले, की त्याचे वाटप आणि पाणीपट्टी यांचे निर्णयही आले. २००५ च्या कायद्यानुसार पाणी वापर संस्थेचे सदस्यत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकाला मिळते. जिचे नाव सातबाऱ्यावर नाही, तिने आयुष्यभर त्या रानात भांगलण केली असली, तरी संस्थेत तिला मत नाही.

याउलट साधने हाती आली, की नेतृत्व आपोआप उभे राहते. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या स्त्रियांनी बँक काढायचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक निरक्षर असल्याच्या कारणावरून त्यांचा पहिला अर्ज फेटाळला गेला. त्या अक्षरे शिकल्या आणि १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. २०१२ च्या दुष्काळात याच माणदेशी परिवाराने म्हसवडला जनावरांची छावणी चालविली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील महादेव कोळी समाजाच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत; परंतु गावरान बियाणे जपण्याच्या त्यांच्या कार्याची दखल २०२० च्या ‘पद्मश्री’ने घेतली. एकीकडे पत, तर दुसरीकडे बियाणे बाईच्या हाती होते.

म्हणूनच सत्कार, शाल आणि श्रीफळ यांवर थांबून चालणार नाही. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट ‘लक्ष्मी मुक्ती’ योजनेने खुली केली आहे. ती तलाठी कार्यालयापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायला हवी. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावरच न उरकता तिच्यात पाणी, चारा आणि टंचाई आराखडा यांवर चर्चा व्हायला हवी. हवामानाचा अंदाज आणि पीकविम्याची माहिती शेत कसणाऱ्या बाईच्या मोबाइलवर थेट मिळावी. २०११ पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. तेव्हा खुर्चीची वाण नाही, वाण आहे ती खुर्चीमागच्या अधिकाराची.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. कवठे महांकाळच्या माळावर त्याचा अर्थ अगदी साधा आहे. घागर जिच्या डोक्यावर आहे, तिचे नाव पाणीवाटपाच्या यादीतही असले पाहिजे.