चार तारा, पाच रेषा : बेस गिटार शिकणाऱ्यासाठी स्वरलिपीची ओळख

वाद्यवृंदात बेस गिटार हे सहसा कोणाच्या नजरेत न भरणारे वाद्य होय. गायकाचा आवाज, ढोलकीची थाप, बासरीचा तुकडा श्रोत्यांच्या स्मरणात राहतो. बेसचा स्वर मात्र थांबला म्हणजेच तो आतापर्यंत सुरू होता, हे ध्यानात येते. तालवाद्य आणि सुरांची वाद्ये यांना जोडणारा तो दुवा आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले काही विद्यार्थी ऑर्केस्ट्रात, गायन पार्ट्यांत हे वाद्य वाजवीत आहेत आणि बहुतेकांनी ते माझ्याप्रमाणेच ऐकून, पाहून आत्मसात केले आहे. त्यांच्यासाठी आणि आज वसतिगृहात हे वाद्य प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

प्रथम माझा एक अनुभव नमूद करतो. पहिली सात वर्षे मी केवळ कानाच्या आधारे वाजविले. एकदा मुंबईत एका ध्वनिमुद्रणासाठी बदली वादक म्हणून बोलावणे आले. समोर स्टँडवर एक कागद ठेवलेला होता. त्यावरील रेषा आणि टिंबे पाहून मी गप्प बसलो. कोणी अपमान केला नाही. परंतु थोड्याच वेळात दुसऱ्या वादकास बोलाविण्यात आले. परतताना मी त्या कागदाची एक प्रत मागून घेतली. तिच्याविषयी शेवटी सांगेन.

बेस गिटारचा इतिहास फार जुना नाही. पूर्वी हे काम उभ्याने वाजवावयाचे, माणसाहून उंच असे डबल बेस हे वाद्य करी. 1951 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याच्या दांडीवर पडदे, म्हणजे फ्रेट, असल्यामुळे स्वर अचूक लागतो. नावातील ‘प्रिसिजन’ ते हेच. त्याच्या चार तारा जाड तारेपासून अनुक्रमे ई, ए, डी आणि जी या स्वरांत मिळवितात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर एक तार षड्ज मानली की तिच्या पुढची तार शुद्ध मध्यमात लागते. सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा, म्हणजे अतिशय खर्जातला असतो.

नवशिक्यापुढे तीन मार्ग असतात : कानाने उचलणे, ‘टॅब’ पाहणे आणि स्वरलिपी वाचणे. टॅबमध्ये चार तारांसाठी चार रेषा काढून कोणत्या फ्रेटवर बोट ठेवावे त्याचा आकडा लिहितात. ती शिकण्यास सोपी असते. परंतु बोट कोठे ठेवावे हे सांगत असताना तो स्वर किती काळ टिकवावा, हे साध्या टॅबमधून कळत नाही. गाणे आधीच ठाऊक असेल तरच ती उपयोगी पडते. स्वरलिपीचे याच्या उलट आहे. ती स्वर आणि त्याचा काळ दोन्ही सांगते. बोट कोठे ठेवावे हे मात्र वादकावर सोपविते. उदाहरणार्थ, मोकळ्या जी तारेचाच स्वर डी तारेच्या पाचव्या, ए तारेच्या दहाव्या आणि ई तारेच्या पंधराव्या फ्रेटवरही मिळतो. यांपैकी जागा कोणती निवडावी, हा विचार वाचणाऱ्याने करावयाचा असतो.

आता प्रत्यक्ष लिपीकडे वळू. पाच आडव्या रेषा आणि त्यांमधील चार मोकळ्या जागा यांवर स्वरांची चिन्हे लिहितात. चिन्ह जितके वर, तितका स्वर उंच. प्रारंभी डावीकडे कानाच्या पाळीसारखे एक वळणदार चिन्ह असते. त्यास बेस क्लेफ म्हणतात. ते मुळात ‘एफ’ या रोमन अक्षराचे बदलत गेलेले रूप आहे. त्याचे दोन ठिपके ज्या रेषेच्या वर-खाली असतात ती, म्हणजे खालून चौथी रेषा, एफ या स्वराची. तेथून रेषा, जागा, रेषा असे मोजत गेले की सर्व स्वर सापडतात. मोकळ्या चार तारांची स्थाने आधी पाठ करावीत : ई पाच रेषांच्या खाली जोडलेल्या छोट्या रेषेवर, ए सर्वांत खालच्या जागेत, डी बरोबर मधल्या रेषेवर आणि जी सर्वांत वरच्या जागेत. एवढे चार खांब रोवले की उरलेले स्वर त्यांच्या आधारे मोजता येतात. बेस गिटारचा स्वर लिहिला जातो त्याहून एक सप्तक खाली वाजतो, हेही लक्षात ठेवावे. खाली जोडरेषांची गर्दी होऊ नये म्हणून ही सोय केलेली आहे.

आपल्याकडे भातखंडे लिपीत स्वराचे नावच अक्षराने लिहितात, मंद्र स्वराखाली बिंदू देतात, समेस गुणिलेचे चिन्ह देतात. तेथे षड्ज गायकाच्या सोयीने बदलतो. पाच रेषांच्या लिपीत मात्र प्रत्येक स्वराची उंची ठरलेली असते. मोकळी ए तार म्हणजे 55 हर्ट्झ. त्यामुळे एकमेकांना न भेटलेले वीस वादकही एकाच कागदावरून एकत्र वाजवू शकतात.

स्वरापेक्षाही बेसवादकाची खरी परीक्षा काळात असते. चार मात्रांच्या तालात दांडी नसलेले पोकळ चिन्ह चार मात्रांचे, दांडी असलेले पोकळ दोन मात्रांचे, भरीव चिन्ह एका मात्रेचे आणि दांडीस शेपटी जोडली की अर्ध्या मात्रेचे. या प्रत्येकाइतक्याच काळाचे विरामचिन्हही असते. विराम म्हणजे विश्रांती नव्हे. तेथे तार हाताने दाबून आवाज थांबवावा लागतो. नवशिक्यांच्या चुका बहुधा येथेच होतात.

पहिल्या तीन महिन्यांसाठी एक साधा क्रम सुचवितो. रोज पंधरा मिनिटे पुरेत. प्रथम वाद्य बाजूस ठेवून ‘एक आणि दोन आणि’ असे मोठ्याने मोजत केवळ टाळ्यांनी मात्रा वाचाव्यात. नंतर मोकळ्या चार तारांवरील पाठ आणि त्यानंतर पहिल्या पाच फ्रेटमधील स्वर घ्यावेत. मेट्रोनोम मिनिटास 60 ठोक्यांवर ठेवावा. चिन्हांखाली स्वरांची नावे लिहू नयेत. तसे केल्यास डोळा अक्षरेच वाचतो. बोटांकडे पाहू नये. चूक झाली तरी न थांबता पुढील मात्रा पकडावी, कारण सोबतचे वादक आपल्यासाठी थांबत नाहीत.

ही लिपी कशासाठी निर्माण झाली, हे जाणण्यासारखे आहे. अकराव्या शतकात इटलीतील ग्विडो या संगीतशिक्षकाने रेषांची पद्धत रूढ केली. त्यापूर्वी गाणारी मुले प्रत्येक चाल गुरुमुखातून ऐकून वर्षानुवर्षे घोकीत. न ऐकलेले गीत मुलांना पाहून गाता यावे, हा त्याचा हेतू होता. त्याने एफची रेषा लाल रंगाने दाखविली. बेस क्लेफचे दोन ठिपके आजही तीच रेषा दाखवीत आहेत. आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. तेथील चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच स्वरलिपी शिकविली जाई. पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा झाला, तो या वाचनामुळेच. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक संगीतकाराच्या चालीस अनुरूप वाद्यमेळ कागदावर लिहीत आणि वादक तो पाहून वाजवीत.

याचा अर्थ न वाचणारा वादक कमी प्रतीचा, असा नव्हे. पॉल मॅकार्टनी हे स्वरलिपी न वाचणारे. बेसवादनातील त्यांचे स्थान सर्वमान्य आहे. कान हाच संगीताचा पाया. परंतु केवळ कानावर विसंबणाऱ्यास कोणीतरी आधी वाजवून दाखवावे लागते. ज्याच्या घरी गाणे नाही, ज्याच्या गावी शिक्षक नाही, त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? त्याच्यासाठी लिपी हेच दार आहे. ते उघडण्यास कोणाची शिफारस लागत नाही.

शेवटी त्या कागदाविषयी. तीन महिन्यांच्या अभ्यासानंतर मी तो पुन्हा समोर ठेवला. त्यात तीनच स्वर होते : ई, ए आणि बी. त्यांपैकी दोन मोकळ्या तारांचे आणि तिसरा ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा. अवघड म्हणावे असे काही असेल तर ते विराम. सात वर्षे मी त्याहून कठीण गाणी वाजवीत होतो. तो कागद मी आजही गिटारच्या पेटीत ठेवतो आणि नव्या विद्यार्थ्यास पहिल्या दिवशी तोच दाखवितो. चार आठवड्यांत बहुतेकांना तो वाचता येतो.