पाचशे कोटी तिकिटे, पंचवीस रुपये

14 जुलै 2025 रोजी बेंगळुरूत मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी बसमध्ये एका महिलेच्या हाती तिकीट दिले. भाडे शून्य रुपये. बायकांना मोफत बसप्रवास देणाऱ्या कर्नाटकच्या ‘शक्ती’ योजनेतल्या तिकिटांनी त्या दिवशी 500 कोटींचा टप्पा गाठला.

500 कोटी म्हणजे नेमके किती? देशातल्या प्रत्येक माणसाला, पाळण्यातल्या बाळासकट, तीन-तीन तिकिटे वाटली तरी गठ्ठे उरतील. एकाच कंडक्टरला मशीन देऊन दर सेकंदाला एक तिकीट काढायला बसवले, आणि त्याला जेवायला-झोपायलाही उठू दिले नाही, तर काम संपायला 158 वर्षे लागतील. म्हणजे 1857 च्या उठावानंतर दहा वर्षांनी त्याने सुरुवात केली असती, तर तो आत्ता कुठे मोकळा झाला असता. प्रत्यक्षात हे काम 11 जून 2023 पासून दोन वर्षे आणि महिनाभरात झाले. दिवसाला सरासरी 65 लाख तिकिटे. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांची 2011 ची लोकसंख्या एकत्र केली तरी 58 लाखच भरते.

आता उलटा हिशेब करू. या तिकिटांचे एकूण मूल्य साडेबारा हजार कोटी रुपयांच्या वर गेले होते. त्याला 500 कोटींनी भागले की हातात येतात 25 रुपये आणि वर थोडी चिल्लर. साडेबारा हजार कोटींनी डोळे विस्फारतात, पण योजनेचा जीव आहे तो या 25 रुपयांत. भालकी किंवा आळंद तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून तालुक्याच्या दवाखान्यात जायचे, तर पूर्वी जाऊन-येऊन 50 रुपये बाजूला काढावे लागत. सोबतीला सून किंवा जाऊ आली की 100. अंगावर ताप काढणे हा अशा वेळी सहनशीलतेचा नव्हे, साध्या गणिताचा भाग असतो. पास नसेल, तर कॉलेजला जाणाऱ्या मुलीचे हे रोजचे 50 रुपये. घरात भाऊ आणि बहीण दोघे शिकत असतील, तर पैसे कमी पडल्यावर कोणाचा पास आधी बंद होतो ते सांगायला नको.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 500 कोटी ही बायकांची संख्या नाही, छापलेल्या तिकिटांची आहे. सरकार महामंडळांना या तिकिटांच्या हिशेबाने पैसे देते, म्हणून प्रवास फुकट असला तरी कंडक्टरला झिरो तिकीट काढावेच लागते. सकाळी गेलेली बाई संध्याकाळी परतली की दोन तिकिटे. शिवाय राज्याच्या चार महामंडळांच्या या बेरजेत मोठा वाटा बेंगळुरूच्या सिटी बसचा आहे. कलबुर्गीत मुख्यालय असलेले कल्याण कर्नाटक महामंडळ हा त्यातला एक भाग. पुरुषांसाठी निम्म्या जागा राखून ठेवाव्यात असा नियम योजनेसोबतच आला. तो गर्दीच्या गाडीत किती पाळला जातो, हे बाजाराच्या दिवशी भालकीच्या स्टँडवर उभे राहून पाहावे. जानेवारी 2025 मध्ये भाडे 15 टक्क्यांनी वाढले, ते मात्र या पुरुषांच्याच खिशातून गेले.

याच कल्याण कर्नाटकातला दुसरा मोठा आकडा तिकिटांचा नाही, कागदाचा आहे. 19 जानेवारी 2023 रोजी कलबुर्गी जिल्ह्यातल्या सेडम तालुक्यात, मळखेडला, एकाच कार्यक्रमातून 50 हजारांवर कुटुंबांना हक्कपत्रे देण्यात आली. पंतप्रधान नरेंद्र मोदी आले होते. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट, अमोघवर्षाची राजधानी. जिथून एके काळी दख्खनचा सारा वसूल झाला, तिथे पिढ्यान्‌पिढ्या सरकारदफ्तरी गावच नसलेल्या लोकांना घराचा कागद मिळाला.

ही माणसे बहुतेक तांड्यांवरची, लमाणी समाजाची, आणि त्यांच्यासारख्याच दलित-मागास वस्त्यांतली. तांड्याची अडचण बाहेरच्याला चटकन समजत नाही. घरे आहेत, चुली पेटतात, मतदानही होते. पण ज्या जमिनीवर तांडा उभा आहे ती पहाणीत, म्हणजे आपल्या सातबाऱ्यात, भलत्याच्या नाहीतर सरकारच्या नावावर. गाव म्हणून महसुली नोंद नाही, म्हणून गावठाण नाही. गावठाण नाही, म्हणून घराला उतारा नाही. आणि उतारा नाही म्हटल्यावर बँकेचा साहेब मान वर करून बघत नाही. घरकुल मागायला गेले, तर पहिला प्रश्न जागा कोणाची हाच. ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर सहा-सहा महिने जाणाऱ्या माणसाला परत येण्याची जागा कागदावर स्वतःची नसते.

बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांत मिळून अशा सुमारे 1,475 वस्त्यांना महसुली गावाचा दर्जा देण्यात आला. इथेही भागाकार करून पाहावा: एका वस्तीमागे सरासरी 34 हक्कपत्रे. तेवढीच घरे. एका नजरेत मावणारी वस्ती, पण दफ्तराला ती दिसायला स्वातंत्र्यानंतर 75 वर्षे लागली. तांड्यांना महसुली गाव करावे ही शिफारस 1993 पासून पडून होती, असे त्या दिवशी व्यासपीठावरूनच सांगण्यात आले. माझ्या मते या भागातल्या सगळ्या मोहिमांत हा सर्वांत मोलाचा आकडा आहे. बस उद्या एखादे सरकार बंद करू शकेल, पण एकदा झालेले गाव पुसणे तितके सोपे नाही.

तिसरा आकडा विकासाचा. डॉ. नंजुंडप्पा समितीने 2002 मध्ये कर्नाटकातले 114 तालुके मागास ठरवले. त्यातले 39 अतिमागास, आणि त्या 39 पैकी 21 एकट्या गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी, विभागातले. मग घटनेत या भागासाठी 371 (ज) हे कलम आले, कल्याण कर्नाटकचे प्रादेशिक मंडळ स्थापन झाले आणि 2023-24 पासून त्याची वार्षिक तरतूद 5,000 कोटींवर गेली. तोंडात बोट घालावे असा आकडा! पण 2011 च्या जनगणनेत या प्रदेशाची लोकसंख्या 1 कोटी 12 लाख होती. भागाकार करा: माणशी वर्षाला साधारण साडेचार हजार, दिवसाला 12 रुपये. ‘शक्ती’च्या सरासरी तिकिटाच्या निम्मे. आणि ही झाली तरतूद. खर्च हा वेगळा विषय.

राहता राहिली महाराष्ट्र-कर्नाटक सीमा. 1956 मध्ये जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले. भालकी, हुमनाबाद, औराद तिकडे राहिले. सोयरीक मात्र वाटली गेली नाही. भालकीची लेक आजही उदगीरला नांदते. तिची आई कर्नाटकची रहिवासी, म्हणून कर्नाटकच्या बसमध्ये आधार कार्ड दाखवून फुकट बसते. लेकीच्या आधारवर सासरचा पत्ता, म्हणून माहेरच्या रस्त्यावर तिला त्याच गाडीत पुरे तिकीट. महाराष्ट्राच्या लालपरीत 17 मार्च 2023 पासून बायकांना सरसकट अर्धे तिकीट आहे, तेही राज्याच्या हद्दीपर्यंत.

खात्यावर पडणाऱ्या पैशाचे तसेच. आई घरातली कर्ती म्हणून रेशन कार्डावर असेल तर तिला कर्नाटकच्या ‘गृहलक्ष्मी’चे महिना 2,000, लेक नियमांत बसत असेल तर तिला महाराष्ट्राच्या ‘लाडकी बहीण’चे 1,500. परराज्यात जन्मलेल्या सुनेला नवऱ्याच्या कागदपत्रांवर लाभ मिळेल, ही तरतूद महाराष्ट्राने केली आहे आणि सीमाभागात तिचे मोल मोठे आहे. रोजगार हमीची मजुरी 2025-26 साली कर्नाटकात 370 रुपये, महाराष्ट्रात 312. बांधाच्या दोन बाजूंना, एकाच काळ्या मातीत, एकाच कामाला 58 रुपयांचा फरक.

मजुरीचा दर केंद्र ठरवते, ते राहू द्या. पण बसचे दोन्ही राज्यांच्या हातात आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद हे तिकडचे आणि देगलूर, उदगीर, देवणी, निलंगा, उमरगा, अक्कलकोट हे इकडचे तालुके. एवढ्यांपुरती तरी दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या बायकांना आपली सवलत द्यावी. रोजच्या 65 लाख तिकिटांत ही भर कोणाच्या डोळ्यांतही येणार नाही. सीमाप्रश्न न्यायालयात आहे तो राहील. माहेरच्या तिकिटासाठी निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.