एक्सएमएल संहितेतील मोकळी जागा

लेखनातील मोकळी जागा हे चिन्ह मानावे की चिन्हाचा अभाव, हा लिपिविचारातील जुना प्रश्न होय. मोडी दप्तरांत शब्द प्रायः सलग लिहिलेले आढळतात. शब्दसीमा ठरविण्याचे काम तेथे वाचकाकडे असते. मुद्रित देवनागरीत ते काम मोकळ्या जागेकडे आले. ‘ती न आली’ आणि ‘तीन आली’ यांतील वर्णक्रम एकच आहे. अर्थभेद आहे तो केवळ जागेमुळे. ग्रंथांची व हस्तलिखितांची नोंद एक्सएमएल पद्धतीने होऊ लागल्यापासून या प्रश्नास व्यावहारिक स्वरूप आले आहे. कारण अशा नोंदीत मोकळी जागा कधी संहितेचे अंग असते, तर कधी केवळ नोंदणाऱ्याच्या डोळ्यांच्या सोयीसाठी केलेली मांडणी असते. आणि दोहोंची चिन्हे मात्र एकच असतात.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसृत केलेल्या एक्सएमएल १.० या शिफारशीत मोकळ्या जागेची चारच चिन्हे मानली आहेत : साधी जागा, टॅब, ओळ पुढे सरकविणारे चिन्ह आणि ओळीच्या आरंभी परतविणारे चिन्ह. त्यांचे क्रमांक अनुक्रमे ३२, ९, १० आणि १३ असे आहेत. टॅगांचा भाग नसलेले प्रत्येक चिन्ह प्रोसेसरने पुढे सोपविलेच पाहिजे, असा मूळ नियम आहे. अपवाद एवढाच की, १३ व १० ही जोडी किंवा एकटा १३ यांऐवजी १० हेच चिन्ह दिले जाते. ‘एक्सएमएल:स्पेस’ या ॲट्रिब्यूटने जागा राखण्याचा हेतू व्यक्त करता येतो. परंतु तो पुढील प्रणालीस दिलेला संकेत असतो, त्याने प्रोसेसरचे मूळ वर्तन बदलत नाही.

ॲट्रिब्यूटच्या मूल्यास मात्र निराळा न्याय आहे. त्यात प्रत्यक्ष लिहिलेला टॅब वा ओळबदल साध्या जागेत रूपांतरित होतो. ॲट्रिब्यूटचा प्रकार सामान्य मजकुराहून वेगळा घोषित केला असेल, तर दोन्ही टोकांच्या जागा गळतात आणि मधल्या अनेक जागांची एकच होते. यास्तव पद्याच्या ओळी ॲट्रिब्यूटमध्ये नोंदविणे इष्ट नव्हे.

खरी कसोटी लागते ती रूपांतराच्या वेळी. १६ नोव्हेंबर १९९९ रोजी शिफारस म्हणून मान्य झालेल्या एक्सएसएलटी १.० मध्ये केवळ मोकळ्या जागेचा बनलेला मजकूर-नोड आणि इतर अक्षरेही असलेला नोड असा भेद केला आहे. रूपांतराच्या आज्ञापत्रातील पहिल्या प्रकारचे नोड सामान्यतः टाकून दिले जातात; हवी ती जागा ‘टेक्स्ट’ या आज्ञेत घातल्यास ती टिकते. मूळ दस्तऐवजातील असे नोड मात्र ‘स्ट्रिप-स्पेस’ या आज्ञेत त्यांच्या पालक घटकाचे नाव आले तरच गळतात. ज्या नोडमध्ये एक जरी अक्षर आहे, त्यातील जागांना ही आज्ञा स्पर्श करीत नाही.

पुढील नोंद पाहावी :

<वाक्य><शब्द>ती</शब्द> <शब्द>न</शब्द> <शब्द>आली</शब्द></वाक्य>

येथे शब्दांमधील जागा स्वतंत्र नोड आहेत. सर्व घटकांसाठी ‘स्ट्रिप-स्पेस’ योजल्यास ‘तीनआली’ असा मजकूर उरतो, आणि तो पाहणारा संपादक ‘तीन आली’ असाच पाठ लावील. याच्या उलट दोष सुबक मांडणीने घडतो. ‘घरात’ या रूपातील प्रकृती व प्रत्यय निरनिराळ्या टॅगांत नोंदविले असता, प्रत्येक घटक नव्या ओळीवर घेणारी ‘इंडेंट’ सोय त्यांच्यामध्ये जागा घुसवू शकते. मग रूप ‘घरा त’ असे दिसते व शब्दगणनेत एकाचे दोन होतात. ‘नॉर्मलाइझ-स्पेस’ हे फलनही असेच दुधारी आहे. संपूर्ण परिच्छेदाच्या मजकुरावर ते उपकारक ठरते. परंतु मिश्र मजकुरातील प्रत्येक नोडला वेगवेगळे लावल्यास टॅगांलगतच्या जागा नाहीशा होतात.

मराठीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. ‘दर्‍या’ या शब्दातील अर्धा रफार अनेकदा शून्य रुंदीच्या जोडचिन्हाने साधलेला असतो. ते डोळ्यांना दिसत नसले, तरी एक्सएमएलच्या दृष्टीने मोकळी जागा नव्हे. अदृश्य चिन्हे सरसकट पुसणारी ‘स्वच्छता’ केल्यास डोंगरांतील दर्‍यांचा ‘दर्या’, म्हणजे समुद्र होतो.

यावरून काही संपादकीय दंडक निघतात. ज्या घटकांत केवळ उपघटकच येऊ शकतात, त्यांचीच नावे ‘स्ट्रिप-स्पेस’मध्ये द्यावीत, मिश्र मजकुराचे घटक वगळावेत. सुबक मांडणी वाचनाच्या प्रतीपुरती ठेवून मूळ प्रत अस्पर्श राखावी. हस्तलिखितातील ओळ शब्दाच्या मध्येच तुटत असेल, तर टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हच्या नियमावलीप्रमाणे ओळ-आरंभाच्या ‘एलबी’ घटकावर ‘ब्रेक’ या ॲट्रिब्यूटचे मूल्य ‘नो’ असे स्पष्ट नोंदवावे. सारांश, शब्दसीमा हा संपादकाने घेतलेला निर्णय असतो. मोडी वाचणाराने परिश्रमपूर्वक लावलेला पदच्छेद नोंदीत स्पष्टपणे उतरला नाही, तर एका निष्काळजी आज्ञेने तो पुसला जातो, आणि पुढील अभ्यासकास त्याचा मागही लागत नाही.