आधी करार, मग मतदान (लेखांक ६)

पक्षाचा उमेदवार चार पुढाऱ्यांनी न ठरवता मतदारांनी ठरवायचा, यासाठी अमेरिकेत प्रायमरी आली, हे मागच्या लेखांकात पाहिलं. मतदान खुलं झालं, तरी त्याच्या आधीचे व्यवहार बंद दाराआड होऊ शकतात. २०१६ साली डेमोक्रॅटिक पक्षात नेमका हाच आरोप झाला.

२२ जुलै २०१६ रोजी, पक्षाचं फिलाडेल्फियातलं उमेदवारी-अधिवेशन तीन दिवसांवर असताना, विकिलीक्स या संकेतस्थळाने पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे सुमारे वीस हजार ईमेल उघड केले. उमेदवारीच्या शर्यतीत हिलरी क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी असलेल्या बर्नी सँडर्स यांच्या धर्मश्रद्धेचा मुद्दा मतदारांपुढे काढावा, असं समितीचाच एक पदाधिकारी त्यात सुचवत होता. समितीच्या अध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडावं लागलं. हे ईमेल रशियन लष्करी गुप्तहेरांनी चोरल्याचं आरोपपत्र पुढे २०१८ मध्ये दाखल झालं. गवगवा ईमेलचाच झाला, पण माझ्या मते त्याहून गंभीर गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

ती होती ऑगस्ट २०१५ मधला एक करार. २०१२ च्या निवडणुकीनंतर समिती कर्जात होती. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेने निधी उभारून द्यायचं कबूल केलं. बदल्यात समितीचा प्रसिद्धीप्रमुख त्यांच्या पसंतीचा असणार होता आणि नेमणुका, खर्च, धोरण यांतही त्यांचा सल्ला घ्यायचा होता. या अटी मुख्य निवडणुकीच्या तयारीपुरत्या आहेत, असं करारात लिहिलं होतं. पण आयोवात पहिलं मत पडायलाही तेव्हा पाच महिने बाकी होते! सँडर्स यांनीही नंतर समितीशी निधीचा करार केला. त्यात असे अधिकार नव्हते.

पैशाची वाटही पाहण्यासारखी आहे. एका देणगीदाराला उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त २,७०० डॉलर देता येत. मात्र ‘हिलरी व्हिक्टरी फंड’ या संयुक्त निधीत तोच माणूस ३,५३,४०० डॉलर टाकू शकत होता: ३२ राज्यांच्या पक्षशाखांना प्रत्येकी १०,००० आणि राष्ट्रीय समितीला ३३,४००. मे २०१६ मध्ये ‘पॉलिटिको’ने हिशेब मांडला. जमलेल्या ६ कोटी १० लाखांपैकी राज्यशाखांकडे एक टक्काही उरला नव्हता.

कराराची ही माहिती नोव्हेंबर २०१७ मध्ये डोना ब्राझील यांनी पुस्तकातून जगापुढे आणली. वॉसरमन शुल्ट्झ यांच्यानंतर समितीची सूत्रं त्यांच्याकडे आली होती. सीएनएनवर भाष्यकार असताना त्यांनी स्वतःच क्लिंटन यांच्या गोटाला कार्यक्रमातले प्रश्न आधी कळवले होते, हेही विसरू नये. निवडणूक चोरल्याचा पुरावा मात्र त्यांनाही सापडला नाही. क्लिंटन यांना सुमारे १ कोटी ६९ लाख मतं पडली, सँडर्स यांना १ कोटी ३२ लाख. हा फरक एका कराराने पडला, असं म्हणता येणार नाही.

तरीही ज्या पंचाचा खर्च एक खेळाडू भागवतो, त्याच्या निकालावर दुसऱ्याने विश्वास का ठेवावा? समितीच्या अध्यक्षांनी निःपक्ष राहावं, असं पक्षाच्या घटनेतच लिहिलेलं आहे. सँडर्स यांचे समर्थक याच आधारावर फ्लोरिडातल्या संघीय न्यायालयात गेले. तिथे समितीच्या वकिलाने सांगितलं की, पूर्वीसारखं बंद खोलीत बसून, सिगार ओढत उमेदवार निवडण्याचाही पक्षाला अधिकार आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला; असा दावा लावण्याचा अधिकार फिर्यादींना नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पक्षपात झाला की नाही, यावर निकाल झालाच नाही.