माणशी किती आणि दोघांत मिळून किती

येरवड्यात विमानाचा आवाज रोजचाच. लोहगावचा विमानतळ हाकेच्या अंतरावर, आणि नगर रोडवरून मागे बॅगा रचलेल्या रिक्षा दिवसरात्र जाताना दिसतात. तरी लक्ष्मीनगर किंवा जयजवाननगरमधल्या एखाद्या नव्या जोडप्याला विचारा, की पाठीवर सॅक टाकून बँकॉक, बाली, अंदमान का नाही करत? उत्तर ठरलेलं: "ते आपल्यासारख्यांचं काम नाही." पैशाची ओढाताण असते हे खरंच. पण ऐकीव माहितीही तेवढीच आड येते. तिच्यापायी लोक एक तर घरी बसतात, नाहीतर जाऊन दुप्पट खर्च करून येतात. दोन्हींची मला मनापासून हळहळ वाटते.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज असा: "दहावी झालेली नाही, पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का पडतो, मग थायलंडला सोडतच नाहीत." ईसीआर, म्हणजे 'उत्प्रवासन तपासणी आवश्यक', असा शिक्का पडतो, हे खरं. पण तो १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालचा आहे आणि त्याचा संबंध नोकरीशी आहे. ठरावीक १८ देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाची फसवणूक होऊ नये, म्हणून सरकारने घातलेली आधी मंजुरी घेण्याची ती अट आहे. आखाती देशांसोबत थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही त्या यादीत आहेत, म्हणून घोटाळा होतो. फिरायला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. फक्त परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत, कारण इमिग्रेशनच्या काउंटरवर प्रश्न विचारले जातात. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. स्वतःच्या नावाने आयकर भरणाऱ्याला दहावी नसतानाही बिनशिक्क्याचा पासपोर्ट मिळू शकतो. स्वतःचा टेम्पो किंवा रिक्षा चालवून रिटर्न भरणाऱ्यांनी हे जरूर तपासावं.

"लग्नाचा दाखला नाही, मग बायकोचा पासपोर्ट कसा निघणार?" डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने ही अट काढली. माहेरचं नाव बदलण्याचीही सक्ती नाही. जपायचं ते वेगळंच: विमानाच्या तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. आधारवर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं आणि तिकीट आधारवरून काढलेलं, अशी गल्लत झाली की विमानतळावर रडकुंडीला यायची पाळी येते. लग्न न झालेल्या जोडीचं म्हणाल, तर दोन सज्ञान माणसांनी हॉटेलात एका खोलीत राहण्यावर आपल्याकडे कायद्याने बंदी नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. मात्र एखादं हॉटेल स्वतःचा नियम लावून नकार देऊ शकतं, तेव्हा आधी फोन करून विचारलेलं बरं.

आता खर्चाकडे येऊ. "डॉर्म सगळ्यात स्वस्त," असं सगळे सांगतात. एकट्यासाठी ते बरोबर आहे, जोडीसाठी बहुतेकदा नाही. डॉर्मचं भाडं माणशी असतं, खोलीचं खोलीमागे. समजा, पलंग ५०० रुपयांना आहे आणि पंख्याची साधी खोली ९०० ला. मग दोन पलंगांपेक्षा खोलीच शंभराने स्वस्त पडली, वर कडी लावून झोपता येतं आणि ओले कपडे वाळत घालता येतात. जोडीने निघताना वहीत दोनच रकाने आखावेत, एक माणशी लागणाऱ्या पैशांचा आणि दुसरा दोघांत वाटल्या जाणाऱ्या पैशांचा. खोली, स्कूटरचं भाडं, टॅक्सी, नारळपाणी विकणाऱ्याकडचा मोठं शहाळं हे वाटले जातात. विमान, बोट, व्हिसा, प्रवेशशुल्क हे कुठेही वाटले जात नाहीत. म्हणून मुक्काम लांबला तर खर्च हळू वाढतो, पण चार दिवसांत तीन बेटं केली की पाकीट रिकामं होतं.

बालीचंच पाहा. तिथे उतरल्यावर मिळणारा व्हिसा माणशी ५ लाख रुपिया आणि १४ फेब्रुवारी २०२४ पासूनचं पर्यटन शुल्क माणशी दीड लाख. म्हणजे दोघांचे १३ लाख रुपिया पहिला घास खाण्याआधीच जातात. थायलंडने १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना बिनव्हिसा ६० दिवसांची मुभा दिली, तेव्हा तिथला हा रकाना शून्यावर आला. असे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या वकिलातीची साइट पाहावीच. १ मे २०२५ पासून थायलंडला जाण्याआधी ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करावी.

"अंदमानला बोटीने गेलं की स्वस्त पडतं." चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी जहाज जातं, आणि बंक वर्गाचं तिकीट कमी आहे, हेही खरं. पण चेन्नईहूनसुद्धा एका बाजूला साधारण अडीच दिवस लागतात, फेऱ्या महिन्यात मोजक्याच असतात, जेवणाचे पैसे वेगळे आणि पुण्याहून चेन्नईपर्यंतची रेल्वे आणखी वेगळी. दोघांची आठवड्याची रजा समुद्रातच संपेल. रोजंदारीवर असाल तर बुडालेली मजुरीही त्यात धरावी लागेल. पैसे वाचवायचे असतील तर ते तिथल्या बेटाबेटांतल्या प्रवासात वाचतात. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमहून, स्वराज द्वीपला सरकारी फेरी खासगी बोटीपेक्षा वेळ जास्त घेते, पण पैसे बरेच कमी घेते. तिथे स्थानिकांना आधी जागा मिळते, ते रास्तच आहे. येरवड्याच्या माणसाला सेल्युलर जेल पाहताना एक धागा आठवावा: अंदमानातून आणलेले सावरकर रत्नागिरीनंतर आपल्याच येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि जानेवारी १९२४ मध्ये इथूनच सुटले.

"उष्ण कटिबंध म्हणजे बाराही महिने सारखेच." या एका वाक्याने किती जणांची सुट्टी पावसात गेली असेल! आपल्याकडची सुट्टी मे महिन्यात, आणि नेमका तेव्हाच फुकेत-क्राबीच्या किनाऱ्यावर पाऊस सुरू होतो. को समुईला मात्र मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात. श्रीलंकेत डिसेंबर ते मार्च दक्षिण-पश्चिम किनारा चांगला, मे ते सप्टेंबर पूर्वेचं त्रिंकोमाली. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून तिथला कोरडा मोसम आपल्या पावसाळ्यातच येतो. अंदमानला दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो, जानेवारी ते एप्रिल उत्तम. पुण्यात पाऊस आहे म्हणून कुठेच जाता येत नाही, असं नाही, आणि मे महिना मोकळा आहे म्हणून कुठेही जावं, असंही नाही.

स्कूटरबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. "आपलं लायसन्स दाखवलं की चालतं," हे खरं नाही. थायलंडमध्ये गाडी चालवायला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आरटीओकडून मिळतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. भाड्याने देणारा काही विचारत नाही, विचारतो तो अपघातानंतरचा विमावाला. परवाना नसेल तर दवाखान्याचं बिल स्वतःच भरायची वेळ येते, आणि मागे बसलेली बायकोही जखमी असते. व्हिएतनाममध्ये तर हा परवानाही उपयोगी नाही. आपला परवाना १९४९ च्या वाहतूक करारावरचा, आणि ते १९६८ चा मानतात. तिथे बस धरावी.

डब्याबद्दल थोडं. पैसे वाचवायला घरून चटणी-मसाला नेणं शहाणपणाचं, पण अख्खं सुकं खोबरं विमानात टाकायच्या बॅगेत चालत नाही, कारण ते पेट घेतं. सिंगापूरमार्गे जाणार असाल तर खसखस घातलेला मसाला घरीच ठेवा, तिथे खसखशीवर बंदी आहे. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

एकदम परदेश जड वाटत असेल, तर पहिला प्रवास मालवणचा करावा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माणशी रकाना इथेच हलका होतो. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, म्हणून पुढे गोव्यात शिरलात तर तिकीट पूर्ण पडेल. पण जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीटच नाही. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत मात्र मालवणची नौकाफेरी आणि स्कुबा बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ला तेव्हा किनाऱ्यावरूनच पाहावा लागतो. ऑक्टोबरनंतर निघा, खाडीकाठच्या एखाद्या घरगुती खोलीत तीन रात्री एकाच जागी राहा, आणि वहीतले दोन्ही रकाने रोज संध्याकाळी दोघांनी मिळून भरा.